गाडीची खांदेमळणी

पाईपवरचा काळा थर रॉकेलच्या फडक्यानं पुसला, तेव्हा खालून पिवळा रंग निघाला.

विकास गाडीखाली पाठीवर पडलेला होता. पुढचं उजवं चाक काढून बाजूला ठेवलेलं, गाडी लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. ब्रेकचा रबरी पाईप त्याच्या नाकासमोर लोंबत होता. मधोमध बोराएवढा फुगवटा आणि फुगवट्यावर उभी चीर. चीर सापडणार हे त्याला ठाऊकच होतं. कार्तिकात, त्याच्या बहिणीच्या, निताच्या सगाईच्या दिवशी ब्रेक गेला होता तो इथूनच गेला असणार. पण पिवळा रंग कुठून आला ते कळेना. गंज तांबूस असतो. ब्रेक ऑइल जुनं झालं की चहासारखं काळपट होतं. पिवळं यातलं काहीच होत नाही.

त्यानं पाईप नाकाशी नेला. रॉकेलचा वास होताच, पण त्याच्या मागं दुसरा एक वास होता, खवट आणि ओळखीचा. करडईचं तेल.

पाईप सोडवून तो सरपटत बाहेर आला. ओट्यावर बापाची तंबाखूची डबी पडली होती. तिच्यातला चुना त्यानं बोटावर घेतला, पाण्याचा थेंब टाकला आणि पाईपवर घासला. पिवळा डाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला.

हळद. कॉलेजच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत त्यांनी हे केलं होतं: हळदीचा कागद, वर चुन्याची निवळी, कागद लाल. घरोघरी बायका कुंकू करतात तेही असंच. त्याला बी.एस्सी. व्हावं लागत नाही.

हळद आणि तेल, दोन्ही एकत्र, ब्रेकच्या पाईपवर. हे कुणी लावलं असेल याचा विचार करायला त्याला फार वेळ लागला नाही. आणि ते कळताच त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण सगाईच्या दिवसापासून सगळ्यांनी ब्रेक जाण्याचं वेगळंच कारण धरलं होतं, आणि ते सगळ्यात आधी बोलून दाखवलं होतं त्यानंच.

सगाई मुलाकडं होती, औंढ्याच्या पलीकडच्या तांड्यावर. साखऱ्याजवळच्या आपल्या तांड्यावरून ते सकाळीच निघाले होते. स्टेरिंगवर त्याचा बाप वसराम, शेजारी विकास, मागं त्याची आई जमनाबाई आणि निता, दोघींच्या मांडीवर ओटीचं सामान. गाडी जुनी लँडमास्टर होती. हिंगोलीच्या एका जिनिंगवाल्या शेठकडं वसरामनं तरुणपणापासून ती चालवली होती. शेठचं कुटुंब गाव सोडून गेलं तेव्हा ती कुणालाच नको होती, म्हणून किल्ली वसरामच्या हातात आली. तेव्हापासून तांड्यावरची प्रत्येक नवरी याच गाडीतून सासरी गेली. तांड्यावरच्या बायका 'पोरीचं लगीन झालं' असं म्हणत नसत, 'वसरामच्या गाडीत बसवली' असं म्हणत.

औंढा ओलांडून त्या तांड्याकडं उतरणारा रस्ता मुरमाचा होता. वसरामनं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ तळाला गेला. त्यानं हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, हॉर्न दाबून धरला. गाडी मंदावली, थांबली नाही. मांडवाचा कोपऱ्यातला खांब गेला, पाण्याचं पिंप गेलं, शिऱ्याची कढई उपडी झाली. नवरदेवाची आजी सोजराबाई खांबाशेजारी बाजेवर बसली होती. ती उठायला गेली आणि मनगटावर पडली.

धूळ खाली बसायच्या आत विकास उतरला होता. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

"बा, आजबी घेतलीस का?"

वसराम एकेकाळी प्यायचा. विकास शाळेत असताना त्याला गुत्त्यावरून आणायला जायचा आणि दारातूनच वास घ्यायचा. नंतर वसरामनं दारू सोडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. विकासची ती जुनी सवय मात्र सुटली नव्हती.

वसराम पुढच्या चाकाशी वाकून खाली बघत होता. लेकाचं बोलणं कानावर पडलं तसा तो सरळ झाला.

"सोयरे, गाडी आणली का मांडवात रेडा सोडला?" नवरदेवाचा मामा, नेमसिंग म्हणाला. काही जण हसले. सोजराबाई कण्हायला लागली तेव्हा ते हसणं थांबलं. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "सोताचा लेक म्हणून राहिला म्हंजे खरंच असंल माय."

वसराम सोजराबाईपुढं गेला, पटका काढून तिच्या पायाशी ठेवला. "चुकलं माझं," म्हणाला. बस, एवढंच.

लग्न मोडलं नाही. पण चार दिवसांनी नेमसिंगचा निरोप आला: नवरी आमच्या जीपमधी यील. सोयऱ्यांनी स्टेरिंगला हात लावायचा न्हाई.

ट्रॅक्टरला बांधून आणलेली गाडी लिंबाखाली उभी राहिली. वसराम तिच्याकडं फिरकला नाही. विकासशी तो भांडलाही नाही. विचारलं तर व्हय म्हणायचा, न्हाई म्हणायचा. परभणीला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीवर परत जाताना विकास पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला गेला, पण तो कुण्या पाहुण्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

निता मात्र स्पष्ट बोलली. "मी त्या जीपमधी बसणार न्हाई. बा चालवंल तर गाडीत बसंन, न्हाईतर चालत जाईन औंढ्याला. सांगून ठेव तुज्या नेमसिंगमामाला."

"माझा मामा कवापासून झाला तो?"

"तूच तर त्याला बोलाय शिकवलं."

म्हणून विकास लग्नाच्या आधी सुट्टी काढून आला होता. ब्रेक नीट केला, नेमसिंगला दाबून दाखवला, की तो ऐकेल, असा त्याचा हिशोब. त्या हिशोबात हळद नव्हती.

वसराम घरामागं बसून अंबाडीचा दोर वळत होता. विकास पाईप घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"बा, ही हळद हाय."

वसरामनं लाल डागाकडं एकदा बघितलं. दोर वळायचा काही थांबला नाही. "व्हय."

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवा कळलं?"

"सगाईला. चाकाखाली वाकलो तवा."

"मंग तवाच काहून बोलला न्हाईस?"

"तू बोलला व्हतास की."

दोराला पीळ बसत राहिला. उठून जावं असं विकासला फार वाटलं, पण उठता येईना. मग वसराम आपणहोऊन बोलायला लागला. गेल्या महिन्याभरात तो एवढं बोलला नव्हता.

त्यांचा शेवटचा बैल, चांद्या, मेला त्या वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यांना घट्टे पडलेले असतात, ते खांदे कोमट पाण्यानं धुऊन हळदतेलानं मळतात. त्या संध्याकाळी जमनाबाईनं सवयीनं पाणी तापवलं, वाटीत तेल घेतलं, हळद कालवली. मग दावणीशी जाऊन नुसती उभी राहिली. दावण रिकामी. थोड्या वेळानं ती वाटी घेऊन लिंबाखाली आली आणि गाडीच्या बोनेटवर हात फिरवून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या." बैलाला म्हणतात तसंच.

"मला हसू आलं," वसराम म्हणाला. "तिनं माझ्याकडं बघितलं मंग न्हाई आलं. म्हणली, बैलाचा भार खांद्यावर असतोय, गाडीचा कशावर असतोय? मी म्हणलो, पुढल्या चाकावर. मला काय ठावं ती काहून इचारती. तिनं चाकाच्या मागं हात घालून जे लागलं त्याला चोळलं. जे रबर मऊ लागलं त्याला जास्त. म्हणली, हाच खांदा."

"मंग तू सांगायचं तिला. रबराला तेल चालत न्हाई म्हणून."

"सांगितलं असतं. तू तिचं तोंड बघितलं न्हाईस." वसरामनं दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "ती आत गेली की मी फडक्यानं पुसून काढायचो. दर पोळ्याला. यंदा पोळ्याला मी तापीनं हिंगोलीला दवाखान्यात पडून व्हतो. पुसायचं राहून गेलं. आन् पाईपाला आधीच चिरा पडल्या व्हत्या. म्हणून तर उन्हाळ्यात तुला म्हणलो व्हतो, पाईप आण."

तो म्हणाला होता. दोनदा म्हणाला होता. विकासनं पहिल्यांदा 'बघू' म्हटलं होतं आणि दुसऱ्यांदा, आता ही गाडी मोडीत काढ म्हणून सांगितलं होतं. परभणीत खोलीवरच्या मित्रांना त्यानं घरी गाडी आहे हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर कोणती, हे विचारलं गेलं असतं.

वसरामच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कधी पडला, पेरा कधी झाला, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

विकास मनाशी गणित करायला लागला, कारण त्याला दुसरं काही सुचेना. एका वर्षाच्या तेलानं धड रबर फुगत नाही. पण चिरा पडलेलं असेल तर तेल आत मुरतं, रबर मऊ पडतं, ब्रेक दाबला की कमकुवत जागी फुगतं आणि एक दिवस फुटतं. गाडीचे तिन्ही रबरी पाईप एकाच ब्रेक ऑइलच्या वाटेवर, त्यामुळं एक फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. थोडं तेल आईचं, थोडं वय पाईपाचं, आणि थोडं त्याचं स्वतःचं 'बघू'. बापाच्या वाट्याला यात काहीच येत नव्हतं.

"मी नेमसिंगमामाला सांगतो," तो म्हणाला.

"काय सांगशील? नवरीच्या मायच्या हातानं झालं म्हणून?" वसरामनं पहिल्यांदा मान वर केली. "व्याह्याच्या दारात? पोरीची सासू जलमभर काढंल ते. तुझ्या मायनं हात लावला अन् आमचा मांडव पडला. मी बेवडा व्हतोच एकेकाळी. आणखी एकदा झालो, काय बिघडलं? तिला सांगायचं न्हाई. कुणालाच सांगायचं न्हाई."

नांदेडच्या जुन्या पार्टच्या दुकानात विकासनं तो फुटका पाईप नमुना म्हणून काउंटरवर ठेवला, लाल डागाची बाजू खाली करून. दुकानदारानं आटे जुळवून अँबेसडरच्या जुन्या मॉडेलचे तीन पाईप काढून दिले, दोन पुढच्या चाकांचे आणि एक मागचा. नमुना परत पिशवीत टाकताना त्यानं विचारलं, "रंग खेळलात काय भाऊ याच्यासंगं?" विकासनं पैसे मोजून ठेवले.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं पाईप बसवले. आधी लोखंडी नळीचा नट सोडायचा, मग पाईपाला धरून ठेवणारा, आणि शेवटी चाकाकडचं टोक. उलट केलं तर पाईपाला पीळ बसतो आणि लोखंडी नळी मोडते. चाकाकडच्या टोकाला तांब्याचं नवं वायसर. हे सगळं तो हिंगोलीच्या मिस्त्रीला विचारून आला होता. लहानपणी बापाला पाने काढून देताना यातलं बरंचसं बघितलेलंही होतं, पण बघणं वेगळं. बाप घरामागं होता. बोलावलं असतं तर कदाचित आलाही असता. विकासला बोलवायचं धाडस झालं नाही.

जुने पाईप, नमुन्याला नेलेला फुटका पाईपही, त्यानं सीटवरच्या पोत्यावर टाकले. चालकाची सीट. तिथं सध्या कुणी बसत नव्हतं.

आता तेलाच्या वाटेत शिरलेली हवा काढायची होती. हवा राहिली तर ब्रेक स्पंजासारखा मऊ लागतो. त्याला दोन माणसं लागतात: एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं खाली चाकाशी झोपून हवा सोडायचं बारीक निप्पल उघडायचं आणि मिटायचं. निताला हळद लागलेली, तिनं लोखंडाला हात लावायचा नव्हता. ती दाराच्या चौकटीत बसून बघत होती. तांड्यावरचे बाकीचे मांडवाच्या डहाळ्या आणायला गेलेले. उरली जमनाबाई.

"मला काय येतंय त्यातलं?" ती म्हणाली.

"दाब म्हणलं की दाबायचं, सोड म्हणलं की सोडायचं, याडी." आईला तो तांड्याच्या बोलीत याडीच म्हणायचा. "मी म्हणल्याशिवाय पाय उचलायचा न्हाई."

"एवढंच? हे तर नव्या सुनंचं काम हाय."

"आन ना मंग सून," निता दारातून भावाला चिडवत म्हणाली. "भियाला कोण देतंय पोरगी? परभणीत राहून नुसती माती हुंगतंय."

जमनाबाई पोतं सारून सीटवर चढली. स्टेरिंगच्या वर तिचं डोकंही दिसेना. विकास मागच्या डाव्या चाकाशी गाडीखाली शिरला, निप्पलला बारीक नळी लावली, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं.

"दाब."

"दाबलं."

"धर." त्यानं निप्पल उघडलं. नळीतून तेल आलं, त्याच्यासंगं बुडबुडे. "सोडू नको, सोडू नको." त्यानं निप्पल मिटलं. "सोड."

"पाय पार खाली गेला की रे. म्हशीनं पान्हा सोडल्यावानी."

"हवा हाय म्हणून. दाब."

असं काही वेळ चाललं. बुडबुडे मोठ्याचे बारीक झाले. पायांखालच्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीत, तेल ओतायला तो दोनदा उठून आत वाकला, तेव्हा जमनाबाई पदरानं घाम पुसत होती आणि हसत होती. तिसऱ्यांदा खाली झोपल्यावर त्यानं हाक दिली, "दाब."

वरून काही आलं नाही.

"याडी, दाब."

"दाबलं." आवाज वेगळा होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "विकास."

"हां."

"ह्या पाईपाला चुना कुणी लावला?"

विकासच्या हातात पाना होता. तो त्यानं निप्पलवरच धरून ठेवला.

"हळदीला चुना लागला की कुंकू व्हतं," जमनाबाई म्हणाली. "ही हळद माझी हाय. सोडू का?"

"न्हाई. धर."

"फुटलेला हाच हाय?"

"पाईप जुना व्हता. तसाबी गेलाच असता. मी आणाय पायजे व्हता, मी आणला न्हाई."

"मी ते इचारलं न्हाई."

बाटलीत एक बुडबुडा वर आला आणि फुटला. विकास गाडीखाली होता. आईला तो दिसत नव्हता आणि आई त्याला दिसत नव्हती. ते एक बरं होतं, त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची त्याला लाज वाटली.

"तुझ्या बाला ठावं हाय?"

"व्हय."

"सगाईलाच कळलं व्हतं त्याला?"

"व्हय."

"सोडू?"

त्यानं निप्पल मिटलं. "सोड."

मग उरलेली तीन चाकं झाली. दाब म्हटलं की दाबायची, सोड म्हटलं की सोडायची. शेवटी एवढंच म्हणाली, "आता खाली जात न्हाई पाय. दगडावर ठेवल्यावानी लागतंय."

"मंग झालं."

ती उतरली. पाईप पदराखाली घेतलेला होता. "त्याला सांगू नको," ती म्हणाली, "मला कळलं म्हणून." आणि मांडवाच्या स्वयंपाकाकडं निघून गेली. निता दारातून भावाकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. उन्हं कलताना निघायची वेळ झाली. नेमसिंगची जीप, नव्या एमएच-३८ नंबरची, टपाला झेंडूच्या माळा बांधून तांड्याच्या तोंडाशी उभी होती. निता मैत्रिणींच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत होती, सासरी जाणाऱ्या पोरीनं रडत म्हणायचं गाणं. गाता गाता ती लिंबाकडं सरकत गेली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. गाणं मध्येच थांबवून म्हणाली, "बा, चल."

वसराम पुरुषांच्या घोळक्यात मागं उभा होता. सगळे त्याच्याकडं वळले. तो नेमसिंगकडं बघत राहिला.

"सोयरे, बोलणं झालं व्हतं आपलं," नेमसिंग म्हणाला. "जीप आणली हाय."

"मामा, ब्रेक नवा केलाय," विकास पुढं झाला. "तुमी सोता दाबून बघा. तीनी पाईप—"

"ब्रेकाचं म्हणूनच न्हाई राहिलो आमी."

घोळक्यात कुणी खाकरलं. निता गाडीत तशीच बसून होती, डोकं खाली. वसराम सावकाश चालत आला, चालकाच्या सीटवर बसला, दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवले. मग त्यानं खिडकीची काच पूर्ण खाली केली, नेमसिंगकडं तोंड वळवलं आणि तोंड उघडलं.

आधी कुणाला कळलंच नाही. तो तोंड उघडून तसाच बसून राहिला, डोळे समोर कुठंतरी लावून. बाजारात बैलाचे दात बघताना बैल उभा राहतो तसा. नेमसिंग गोंधळला. पण एवढ्या माणसांत आता मागं कसं सरकायचं, म्हणून तो वाकला आणि त्यानं वसरामच्या तोंडाचा वास घेतला.

विकासनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती वेळेवर बाहेर यायला हवी होती, काच खाली होण्याआधी.

"मामा, त्यानं सगाईलाबी घेतली न्हवती," तो म्हणाला. त्याचा आवाज नको तेवढा मोठा निघाला. "पाईप खराब झाले व्हते. बानं मला उन्हाळ्यात दोनदा आणाय सांगितले, मी आणले न्हाईत. मी उगाच बोललो तवा. ते खोटं व्हतं."

"अर्धंच सांगून राहिलाय." बायकांतून जमनाबाई पुढं आली. एका हातात निताला लावून उरलेल्या हळदतेलाची वाटी होती. दुसऱ्या हातानं तिनं पदराखालून पाईप काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "आमच्याकडं बैल न्हाई. म्हणून पोळ्याला मी गाडीची खांदेमळणी करते. त्या तेलानं हे फुगलं. तुमचा मांडव माझ्या हातानं पडला. माझ्या मालकाला ठावं व्हतं, तरी त्यानं पटका काढला."

बायकांमध्ये कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. जमनाबाईची मान ताठ होती, पण वाटी कलली होती आणि तेल कडेला येत होतं. वसरामनं तिच्याकडं बघितलं. तोंड मिटायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सोजराबाई जीपमध्ये बसलेली होती, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. तिथूनच ती म्हणाली, "नेमसिंग, बाजूला व्हय. त्या माणसाला तोंड मिटू दे."

नेमसिंग बाजूला झाला.

वसरामनं गाडी सुरू केली. इंजिन दोनदा खोकून लागलं. जमनाबाई वाटी घेऊन तशीच उभी होती. खिडकीतून निताच्या कपाळाला हळद लावून झाली होती आणि आता त्या पिवळ्या बोटांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"जमना," वसराम खिडकीतून म्हणाला. "बोनेटला लाव की. पत्र्याला काय व्हत न्हाई."

तिनं एक बोट बुडवलं, बोनेटवर एवढासा ठिपका लावला आणि हात झटकन मागं घेतला, चटका बसल्यासारखा.

मग वसराम विकासकडं वळला. "इंजिन जरा खोकून लागतंय. आल्यावर बघू," म्हणाला. सगाईनंतर त्याचं आपणहून लेकाशी झालेलं हे दुसरं बोलणं. विकासनं मान हलवली, आणि तोवर गाडी हलली होती.

माणसं जीपकडं आणि ट्रॅक्टरकडं पांगली. नेमसिंग जाता जाता विकासजवळ थांबला. त्याचा चेहराही उतरलेला होता, आणि ते लपवायला तो पानाची पुडी सोडत होता.

"लेका, तू म्हणलास म्हणून आमी मानलं," तो म्हणाला. "परका कुणी म्हणला असता, तर आधी पाईप बघितला असता."

"व्हय," विकास म्हणाला.

तांड्याखालचा उतार सुरू होतो तिथं गाडी पोचली होती. ब्रेक दाबला की तिचा मागचा लाल दिवा तेलाच्या दाबावर लागतो. पाईपात दाब धरला नाही तर तो लागत नाही. विकास त्या दिव्याकडं बघत उभा राहिला. शेजारी जमनाबाई पदराच्या टोकानं बोटाची हळद पुसत होती, ती निघत नव्हती. उतारावर एक बकरी आडवी आली. दिवा लागला, गाडी थांबली. बकरी गेली. दिवा विझला आणि गाडी पुढं निघाली.